घोडकाठची मुलं डेक्कन कॉलेजात: आठवीच्या एका वर्गाच्या भेटीचा प्रकरण अभ्यास

आमची शाळा शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या पट्ट्यात. मी इथे आठवी-नववीला इतिहास शिकवते. हे लिहायचं कारण म्हणजे मागच्या दोन वर्षांत आम्ही मुलांना दोनदा पुण्याला नेलं, पहिल्यांदा फसलो आणि दुसऱ्यांदा जे घडलं ते मला शिक्षक म्हणून आजवर कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मिळालं नव्हतं. बऱ्याच शाळांमधले सर-मॅडम विचारतात की युनिव्हर्सिटीत शाळेची पोरं नेऊन काय होतं, त्यांना काय कळणार, म्हणून सगळं जसं झालं तसं सांगते.

आधी पहिली ट्रिप. ती नेहमीसारखी "पुणे दर्शन" होती, एका दिवसात पाच ठिकाणं, त्यात एक संग्रहालय. त्या संग्रहालयाला वेळ किती, तर पाऊण तास. मुलं रांगेत आत गेली, रांगेत बाहेर आली, काचेवर हात लावू नका हे वाक्य आम्ही चार शिक्षकांनी मिळून पन्नासेक वेळा तरी म्हटलं असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं काय पाहिलं, तर "तलवारी" आणि "बंदूक", आणि बहुतेकांना आठवत होती ती पावभाजी. मुलांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. प्लॅनिंग आमचं होतं आणि त्यात मुलांनी बघायचं काय हे आम्हीच ठरवलं नव्हतं.

आठवीच्या पुस्तकात पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं हे तीन शब्द पाढ्यासारखे म्हणतात, परीक्षेत मार्कही मिळतात. पण आमच्या शाळेपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर इनामगाव आहे, जिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या (नाव कॉलेज असलं तरी हे पुरातत्त्व शिकवणारं अभिमत विद्यापीठ आहे) लोकांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही मंडळी तिथे काम करत होती, आणि तिथून जी माहिती निघाली ती देशभरच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमात शिकवतात, हे माझ्या वर्गातल्या एकालाही माहीत नव्हतं. इनामगावातूनच येणाऱ्या दोन मुलांना एवढंच माहीत की "तिकडं पांढरीत पूर्वी खोदलं होतं, सांगाडे निघाले". पांढरीची माती म्हणजे जुन्या वस्तीची माती हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक, पण ते पुस्तकातल्या भौतिक साधनाशी कुणी जोडून दिलं नव्हतं, आणि ते काम माझं होतं.

म्हणून दुसऱ्या वेळी ठरवलं की एकच ठिकाण, डेक्कन कॉलेज, आणि तिथेही इनामगावच्याच वस्तू. बाकी सगळं कापलं. यावर स्टाफरूममध्ये बरीच चर्चा झाली, कारण पालक पैसे देतात तर पाच ठिकाणं दाखवायला हवीत असं काहींचं म्हणणं होतं आणि ते चुकीचंही नाही, आमच्याकडे बऱ्याच मुलांसाठी शाळेची सहल हीच पुण्याला जायची एकमेव संधी असते. शेवटी येताना रांजणगावला गणपतीचं दर्शन यावर तडजोड झाली. परवानगी, पालकांची संमतीपत्रं, एसटीचा प्रासंगिक करार, हे सगळं ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

जायच्या आधी दोन आठवडे वर्गात एकच काम दिलं. घरात धान्य कशात ठेवतात ते आणि आजी-आजोबांच्या वेळी कशात ठेवायचे ते विचारून या. बस्स एवढंच. उत्तरं आली ती अशी, आता पत्र्याची कोठी, प्लास्टिकचं पिंप, पोती; पूर्वी कणगी (धान्य ठेवायची मोठी सारवलेली टोपली), पेव, रांजण, मडक्यांची उतरंड. एका मुलीनं कणगी कशी सारवायची ते आजीकडून पूर्ण लिहून आणलं, शेण किती, माती कुठली, आतून आधी की बाहेरून आधी. पेव म्हणजे काय ते निम्म्या वर्गाला ठाऊक नव्हतं, "पेव फुटणे" हा वाक्प्रचार मात्र मराठीच्या वहीत सगळ्यांनी लिहिलेला! जमिनीत खोल खड्डा करून त्यात धान्य साठवायचं आणि तोंड बंद करायचं हे एका मुलाच्या पणजोबांनी स्वतः केलेलं, ते त्यानं फळ्यावर चित्र काढून सांगितलं. हे सगळं आम्ही एका मोठ्या कागदावर लिहून बरोबर घेतलं.

सकाळी साडेसहाला निघालो, ४४ मुलं, तीन शिक्षक. शिक्रापूर, लोणीकंद, वाघोलीला नेहमीचं ट्रॅफिक, येरवड्याला पोचेपर्यंत दहा. डेक्कन कॉलेजच्या आवारात शिरल्यावर मुलं गप्पच झाली, मोठी झाडं आणि दगडी जुनी इमारत, मधे मोर ओरडल्यासारखा आवाज आला तर सगळे तिकडेच बघायला लागले. या संस्थेचा स्वतःचा इतिहासही मोठा आहे. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरुवात, मग कॉलेज, भांडारकर, टिळक, आगरकर इथले, १९३४ मध्ये बंद पडलं आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं, इरावती कर्वे इथे शिकवायच्या. टिळक विद्यार्थी असताना राहायचे ती खोली जपून ठेवली आहे. हे सगळं मी बसमध्येच पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं, कारण मला माहीत होतं की एकदा टिळकांवर गाडी गेली की भाषणं सुरू होतात आणि भांडी राहून जातात.

आम्हाला पुरातत्त्वाच्या एक संशोधक विद्यार्थिनी भेटल्या, मुलं त्यांना लगेच ताई म्हणायला लागली. ताईंनी सुरुवातच अशी केली की शिकवण्यासाठी बाजूला ठेवलेली खापरं टेबलावर मांडली आणि म्हणाल्या हात लावा. आमची मुलं एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली, कारण बसमधून उतरताना मीच सवयीनं बजावलं होतं की कशाला हात लावायचा नाही.

त्यातलं एक खापर मला अजून डोळ्यासमोर दिसतं. जोर्वे पद्धतीचं, तळहाताएवढं, तांबूस भाजलेलं, वरून काळ्या रंगाच्या तिरप्या रेघांची नक्षी. (जोर्वे हे गाव संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी, तिथे १९५०-५१ मध्ये ही भांडी पहिल्यांदा नीट मिळाली म्हणून नाव तेच पडलं.) ताईंनी ते नखानं वाजवून दाखवलं. खणखणीत आवाज आला. मग त्यांनी दुसरं एक जाडसर राखाडी खापर वाजवलं, त्याचा आवाज बसका. विचारलं का बरं? एक मुलगा जो वर्गात वर्षभर तोंड उघडत नाही, त्याचं घर कुंभाराचं, तो पटकन म्हणाला, "ताई हे चांगलं भाजलंय, ते कच्चं राहिलंय किंवा हातानं थापलंय". मग त्यानं ते उलटं करून आतल्या बाजूच्या बारीक गोल रेषांवर बोट फिरवलं आणि सांगितलं हे चाकावरचं आहे, बोटं अशी वर ओढतात तेव्हा ह्या रेषा पडतात, आमचे बाबा बाहेरून पुसतात पण आत तशाच राहतात. ताईंनी त्याला पुढे बोलावलं आणि पुढची दहा मिनिटं चाकावर भांडं कसं चढतं हे तोच सांगत होता, त्या त्याला प्रश्न विचारत होत्या, खरेखुरे प्रश्न, म्हणजे उत्तर माहीत असून विचारलेले नाहीत. भट्टीत खालच्या थरातली भांडी वेगळी भाजतात का, पावसाळ्यात काम बंद ठेवता का, तोटी वेगळी करून नंतर चिकटवायची असेल तर माती किती ओली लागते. जोर्व्याच्या तोटीच्या भांड्यांबद्दल आम्ही नुसतं बघून पुढे गेलो असतो, त्या दिवशी ४४ मुलांना कळलं की तोटी लावताना भांडं अर्धवट सुकलेलं लागतं, नाहीतर सांध्याला तडा जातो.

मला वाटतं या भेटीतली सगळ्यात मोठी गोष्ट इथेच घडली. आपण मुलांना विद्यापीठात नेतो ते तिथलं ज्ञान घ्यायला, आणि गावाकडची पोरं रिकाम्या हातानं येतात असं आपणच धरून चालतो. त्या टेबलाजवळ मात्र त्या मुलाच्या घरचं काम हेच ज्ञान होतं आणि ते विद्यापीठातल्या माणसाला हवं होतं.

मग संग्रहालयात इनामगावच्या वस्तूंपाशी गेलो. तिथे ताईंनी आमचा तो मोठा कागद मागितला आणि खाली पसरला. इनामगावात वस्ती साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० म्हणजे नऊशे वर्षं होती. तिथे घरांत गोल सारवलेले ओटे सापडले, ज्यांवर कुडाच्या कणग्या असाव्यात, चार चपटे दगड सापडले ज्यांवर चार पायांचे रांजण ठेवत, आणि जमिनीत पेवं सापडली. मुलांनी कागदावर लिहिलेले तीनही शब्द एकेक करून समोर येत होते, कणगी, रांजण, पेव. सारवणीचा कागद आणलेली मुलगी मला हळूच म्हणाली, "मॅडम आजीला सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही". मुख्य पीक जव होतं हे ऐकून मात्र सगळे चकित, आमच्याकडे घोडच्या धरणाचं पाणी आल्यापासून जिकडे तिकडे ऊस, आणि जव म्हणजे काय हेच काहींना माहीत नाही. पुराचं पाणी वळवायला तेव्हाच्या लोकांनी बांध घातला होता आणि पाट काढला होता हे सांगितल्यावर एकानं विचारलं, "मग पाळी कुणाची पहिली हे कोण ठरवायचं?" पाण्याच्या पाळीवरून घरात रोज काय चालतं ते त्याला माहीत होतं. ताई म्हणाल्या हाच प्रश्न अभ्यासकांनी विचारला, आणि पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याच्या शेजारचं धान्याचं कोठार यांवरून त्यांनी अंदाज बांधला की गावात कुणीतरी प्रमुख असावा.

आता दफनं. हा भाग मी घाबरतच प्लॅनमध्ये ठेवला होता, आठवीची मुलं, काहींच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं, शिवाय पालक काय म्हणतील. इनामगावात दोनशेहून जास्त दफनं सापडली आणि त्यात लहान मुलांची खूप. बाळाला दोन मडक्यांत ठेवून मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडायची आणि घराच्या जमिनीखालीच आडवी पुरायची. मोठ्या माणसांना उताणं, डोकं उत्तरेला, आणि बहुतेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले. आणि त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या एका मोठ्या कच्च्या भांड्यात एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला होता, त्याचे पाय मात्र शाबूत.

पाय तोडलेले म्हटल्यावर एकदम आवाज वाढला. "भुताचे पाय उलटे असतात म्हणून", "परत येऊ नये म्हणून", एकजण म्हणाला "हडळ". मी गप्प करणार होते, ताईंनी मला हातानं थांबवलं. त्या म्हणाल्या, मेलेला माणूस उठून जाऊ नये म्हणून पाय तोडले असतील असंच अभ्यासकांनीही सुचवलंय, पण हा अंदाज आहे, हाडावर लिहिलेलं नसतं, आणि आजच्या गोष्टींवरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं मन ओळखताना जपून राहायचं. पाय तोडलेत एवढं नक्की, का तोडले ते आपण लावलेलं. मुलांनी हे वहीत दोन रकान्यांत लिहिलं, "दिसतं ते" आणि "वाटतं ते". हे रकाने मी आता प्रत्येक धड्याला वापरते.

मग मडक्यांतल्या बाळांबद्दल बोलणं चाललं होतं तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, आमच्यात पण लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. आवाज अगदी साधा. मग खाली बघून म्हणाली, माझ्या भावाला मळ्यात पुरलंय, आई तिकडं जाऊ देत नाही. कुणीच काही बोललं नाही. मला काय करावं सुचेना, मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ताई खाली तिच्या उंचीला बसल्या आणि म्हणाल्या, हे लोक बाळाला घरातच ठेवायचे, म्हणजे आई झोपायची त्याच जमिनीखाली, कदाचित त्यांनाही त्याला लांब ठेवायचं नव्हतं, पण हे आपल्याला वाटतं, बरं का. मुलीनं मान हलवली. थोड्या वेळानं तीच पुढे गेली आणि काचेपलीकडच्या त्या भांड्याकडे बराच वेळ बघत होती. संध्याकाळी मी तिच्या आईला फोन केला, सगळं सांगितलं, आईही रडली आणि म्हणाली बरं झालं बोलली ती, कधी बोलतच नाही. पुढच्या वेळी हा भाग ठेवायचा की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही. मी ठेवावा म्हणते, पण आधी घरोघरी विचारून, कुठल्या मुलाच्या घरात काय झालंय ते माहीत करून. या वेळी मी ते केलं नव्हतं आणि ती माझी चूक आहे.

इनामगावात पुरलेल्या त्या मुलांच्या हाडांवरून आणि दातांवरूनही पुढे बरंच काम झालंय. वाढीच्या वयात उपासमार किंवा मोठं आजारपण झालं तर दाताच्या एनॅमलवर आडव्या रेषा राहतात, हे ऐकल्यावर सगळी पोरं आपापल्या दातांवरून जीभ फिरवायला लागली. इनामगावात शेवटच्या काळात पाऊस कमी झाला, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि शेवटी इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव उठलं. आमच्या भागात आजही ७२ चा दुष्काळ घरोघरी सांगतात, खडी फोडायला गेलेले आजोबा, मिलो ज्वारी. एकानं विचारलं तेव्हा पण रोजगार हमी नव्हती का, आणि कुणी हसलं नाही कारण प्रश्न बरोबरच होता, की अशा वेळी कोण कुणाला सांभाळायचं.

जेवणानंतर मराठा इतिहासाचं दालन पाहिलं. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी जमवलेला संग्रह, आधी साताऱ्याला होता, १९३९ मध्ये इथे आला. तिथे मोडी कागद बघून दोन मुलं म्हणाली असलं आमच्या ट्रंकेत आहे. याचा पाठपुरावा अजून चालू आहे, एका घरातून फोटो आलेत, दुसऱ्या घरात जमिनीची केस चालू असल्यानं आजोबा कागद दाखवायला तयार नाहीत. संस्कृत कोशाचं काम पाहायला वेळ अपुरा पडला. १९४८ पासून चालू असलेलं काम, सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द काढून लिहिलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या आणि अजून "अ" च चालू, हे मुलांना फार आवडलं असतं, पण मी ते चार वाजता ठेवलं आणि तोवर सगळे थकले होते. असं काम सकाळी ठेवा किंवा ठेवूच नका.

एक प्रश्न मात्र राहिलाय. इनामगावच्या त्या दोघांपैकी एकानं निघताना विचारलं, "हे आमच्या गावचं आहे ना, मग इथं का ठेवलंय?" ताईंनी सांगितलं की जपायला सोय लागते, दुसऱ्या गावच्या वस्तूंशी ताडून बघावं लागतं, आणि नवीन पद्धती आल्या की तीच हाडं, तेच दाणे पुन्हा तपासता येतात, गावात विखुरलं असतं तर हे झालं नसतं. त्याला ते पटलं, पण पूर्ण नाही. बसमध्ये म्हणाला, निदान फोटो तरी गावात पाहिजेत. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर वाटतं. ज्या गावच्या मातीतून हे निघालं तिथल्या मुलाला ते बघायला ऐंशी-नव्वद किलोमीटर जावं लागतं, आणि मधल्या पन्नास वर्षांत गावच्या शाळांमध्ये एक साधा बोर्डही आपण शिक्षकांनी लावला नाही, ह्याची खंत वाटते.

आल्यानंतर महिन्याभरात मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं, सरपंचांनी जागा देतो म्हटलंय, फोटोंच्या परवानगीसाठी कॉलेजला रीतसर अर्ज केलाय. नांगरताना खापर दिसलं तर उकरायचं नाही, जागा लिहून ठेवायची आणि शाळेत सांगायचं, हा नियम मुलांनीच केला. वहीत आत्तापर्यंत नऊ नोंदी आहेत, त्यातली एक चक्क कौलाचा तुकडा निघाली, तीही तशीच ठेवलीय.

आणि कणगी आलीय शाळेत. ती सारवणीचा कागद आणलेली मुलगी आणि तिची आजी टेम्पोत घालून घेऊन आल्या, एका बाजूनं उंदरांनी कुरतडलेली, आत अजून ज्वारीचे दोन-चार दाणे चिकटलेले. मुलांनी तिला संग्रहालयासारखं लेबल केलं, कशाची, कुणाची, कुठली, कधीची. आजी म्हणाल्या माझ्या लग्नाच्या आधीची, कधीची ते सासूबाईंनाच ठाऊक. मग ओतूरला त्यांच्या नणंदबाई आहेत त्यांना विचारायचं ठरलं, म्हणून "कधीची" समोरची जागा सध्या पेन्सिलनं चौकोन करून मोकळी ठेवली आहे.